जुनी बैठक, नवे कापड

आपल्या जुन्या घरांतून बैठकीच्या खोलीने आजवर अनेक रूपे पाहिली आहेत. पेढी घराच्या दर्शनी भागातच असे, त्या काळी हीच खोली व्यवहाराची जागा होती. भिंतीला लागून गादी, गादीवर पांढरीशुभ्र बिछायत, पाठीशी लोड, हाताशी तक्क्या आणि पुढ्यात चोपड्यांची पेटी, एवढाच तिचा सरंजाम असावयाचा. पुढे दुकान बाजारपेठेत गेले, घर निराळे झाले आणि गादीच्या जागी कोच, सोफे व गुबगुबीत खुर्च्या येऊन बसल्या. बेळगाव काय, इंदूर काय, बडोदे वा हैद्राबाद काय, मागल्या दोन पिढ्यांत हा पालट सर्वत्र झाला.

हे सामान आता म्हातारे झाले आहे. बसले की खाली जाते ते वर येत नाही, कापडाचा मूळ रंग कोणता याविषयी घरात दुमत आहे, आणि हाताच्या कडेशी काथ्या डोकावू लागला आहे. अशा वेळी घरातील तरुण मंडळी हप्त्यांवर मिळणारा नवा संच आणण्याचा आग्रह धरतात, वडील मंडळी नाखुशीने मान डोलावतात, आणि आजोबांनी पसंत केलेले सागवान भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. मिळणारा भाव वजनाचा असतो, लाकडाचा नसतो. ज्या व्यापाऱ्याने आयुष्यात कोणताही माल पारखल्याखेरीज विकला नाही, त्याच्याच घरी असा सौदा व्हावा याचे नवल वाटते. म्हणून, टाकण्यापूर्वी पारखावे कसे आणि राखावयाचे ठरल्यास काय करावे, हे येथे सांगावयाचे आहे.

पारख खालून करावी. कोच उलटा करून तळाचे काळे कापड सोडवले की सारे गुपित उघडे पडते. सागवान वा शिसवी चौकट असेल, सांध्यांत लाकूड लाकडात बसविलेले असेल, आणि दोन कोपरे धरून हलविल्यास चौकट केवळ किंचित कुरकुरत असेल, तर तिला आणखी एक पिढी सहज काढता येईल. लाकडाला बारीक छिद्रे असून त्यांतून पिठासारखी भुकटी गळत असेल, तर किडा आत आहे. तेवढा भाग सुताराकडून बदलून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. मात्र चौकट भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असेल आणि स्क्रूची भोके रुंदावली असतील, तर तिच्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. त्या फळीला पाणी लागून ती एकदा फुगली की पूर्ववत होत नाही.

सैल झालेले सांधे पुन्हा चिकटवावे लागतात. येथे आपल्या सभासदांस रुचेल अशी एक हकीकत आहे. पूर्वी सुतार जो सरस वापरीत तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला असे. तो कढवावा लागे, आणि त्याची दुर्गंधी घरभर पसरे. १९५९ साली महुव्याचे बळवंत पारेख (१९२५–२०१३) यांनी फेव्हिकॉल बाजारात आणले, आणि न कढविता वापरावयाचा हा पांढरा डिंक सुताराच्या हाती आला. शाकाहारी घराच्या चौकटीतून सरस हद्दपार झाला तो असा. पॉलिशच्या बाबतीत मात्र निवड करावी लागते. जुने चकचकीत पॉलिश लाखेचे, आणि लाख ही किड्यापासून मिळणारी वस्तू आहे. ज्यांस ती नको असेल त्यांनी सुताराला आधीच सांगून रासायनिक पॉलिश मागावे.

आता आतले काम. कुशनवाला जुने कापड टरकावू लागला तर त्याला थांबवावे. ते चुका काढून सावकाश उतरवले पाहिजे, कारण नव्या कापडाचा बेतण्याचा नमुना तेच असते. त्याखाली थरांवर थर निघतात. सर्वांत तळाशी आडवी-उभी विणलेली पट्टी, तिच्यावर सुतळीने एकमेकींस बांधलेल्या स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, मग काथ्या, मग कापसाचा पातळ थर, त्यावर मांजरपाट आणि शेवटी दर्शनी कापड. बैठक खचते ती बहुधा तळाची पट्टी ढिली झाल्याने व सुतळी तुटल्याने; स्प्रिंगा क्वचितच निकामी झालेल्या असतात. तेव्हा सर्व उपटून त्या जागी फोमची लादी ठोकण्याची घाई कोणी करू लागल्यास स्प्रिंगा पुन्हा बांधून देण्यास सांगावे. हे काम वेळखाऊ आहे आणि ते जाणणारे कारागीर प्रत्येक गावी थोडेच उरले आहेत. असा कोणी म्हातारा कारीगर आपल्या पेठेत असेल तर हे काम पुढील वर्षावर ढकलू नये. काथ्या स्वच्छ असेल तर पिंजून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो. याच वेळी सांदीकोपरे झाडून-पुसून घेतले म्हणजे ढेकणांना आश्रय उरत नाही. आधी झालेली ही सफाई पुढे जंतुनाशक शिंपडण्याच्या पातकापासून घराला वाचविते.

जेथे सुट्या गाद्यांच्या लाकडी खुर्च्या आहेत, तेथे फोम घ्यावाच लागतो, आणि फसवणुकीची खरी जागा हीच. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ असे म्हणतो, म्हणजे एका घनमीटरला ४० किलो वजन. हा आकडा बोटाने दाबून कळत नाही. तो तराजूवर कळतो. २२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि ४ इंच जाड अशी एक लादी घ्या. तिचे घनफळ सुमारे ०.०३२ घनमीटर भरते. ती खरोखर चाळिसाची असेल तर तिचे वजन सव्वा किलोच्या आसपास येईल; बत्तिसाची असेल तर एक किलो; आणि पाऊण किलोच भरली तर ती तेविसाची आहे असे समजावे व बसावयाच्या गादीस घेऊ नये. पाठीला हलका फोम चालतो. एक सावधगिरी मात्र राखावी. फोम भराभर पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. दिवाळीत पणत्या कोचाजवळच्या खिडकीत मांडू नयेत.

कापड किती लागेल याचा हिशेब कुशनवाल्यावर सोपवू नये; तो आपणच मांडावा. वरील मापाच्या एका गादीला शिवणीसह २३ इंचांचे दोन चौरस आणि कडेसाठी ५ इंच रुंदीची सुमारे ९० इंच पट्टी लागते. ५४ इंच पन्ह्याच्या कापडात दोन्ही चौरस शेजारी बसतात व पट्ट्यांसह ३३ इंच कापड जाते. ३६ इंच पन्ह्यात चौरस एकाखाली एक घ्यावे लागतात, म्हणून ४६ इंच जातात; परंतु बाजूस उरणाऱ्या पट्टीतूनच कडा निघतात, निराळे कापड लागत नाही. पाच गाद्यांना पहिल्या कापडाचे सव्वाचार मीटर तर दुसऱ्याचे सहा मीटर धरावे. याचा अर्थ असा की अरुंद हातमागाच्या कापडाचा मीटरचा भाव रुंद कापडाच्या भावाच्या दोन-तृतीयांशाहून कमी असेल, तर तेच स्वस्त पडते. रुंद पन्हा म्हणजे हटकून काटकसर हा समज गणिताला टिकत नाही. मोठी फुले वा वेलबुट्टी असलेल्या कापडाला नक्षी जुळविण्यासाठी जादा कापड लागते, हे मात्र दोन्हीकडे सारखेच. सुती कापड बेतण्यापूर्वी पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. न भिजविलेली खोळ पहिल्या धुण्यात आटते आणि मग गादीवर चढत नाही.

कोणते कापड घ्यावे? गिरणीच्या कापडाची टिकाऊ घासणी मोजण्याची मार्टिन्डेल नावाची एक कसोटी आहे. नमुन्याच्या पाठीवर तो आकडा दिलेला असतो. नित्य वापराच्या बैठकीला १५,००० ते २५,००० च्या दरम्यानचे कापड पुरते. त्याहून फार मोठ्या आकड्यासाठी जादा दाम मोजण्याचे घरगुती वापरात कारण नाही. हातमागावर असे आकडे सहसा नसतात. तेथे आपला हातच परीक्षक. कापड उजेडासमोर धरून वीण किती घट्ट आहे ते पाहावे व नखाने धागा सरकतो का ते तपासावे.

आणि हातमागाच्या बाबतीत आपण मंडळी जेथे जेथे स्थायिक झालो, ती गावे किती संपन्न आहेत! बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांत विणकरांची घरे आजही आहेत. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण आणि इलकलचे लुगडे तर आपल्या घरच्या पेट्यांतच सापडेल. खणाचे कापड अंगाने नाजूक. ते बसावयाच्या गादीला घालू नये, परंतु अस्तर लावून तक्क्यांचे अभ्रे शिवले तर तपकिरी कोचावर त्याची झळाळी पाहत राहावी अशी असते. विटलेल्या इलकल लुगड्याचा पदर बहुधा शाबूत असतो. आजीच्या लुगड्याचा असा पदर लोडाला चढला की मुले त्याविषयी आपण होऊन विचारतात. हैद्राबादकरांना पोचमपल्लीचे इकत जवळ आहे, जाडसर सुती विणीत ते बैठकीलाही चालते; जमिनीवर वरंगळची सतरंजी घालावी. इंदूरकरांना धार जिल्ह्यातील बाग येथील छापील कापड आहे. त्यातील तांबडा आणि लोहकिटाचा काळा हे दोनच रंग अख्खी खोली जागी करतात. चंदेरी ही जुन्या ग्वाल्हेर संस्थानातली, परंतु ती पडद्यांसाठी. तिच्यावर बसण्याचा विचार कोणी करू नये. बडोद्याच्या मंडळींजवळ संखेडा आहे, जे २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. तेथील कातीव सागवानी खुर्च्या व झोपाळे मुळातच इतके रंगीत असतात की त्यांवर साध्या एकरंगी गाद्याच शोभतात. गोव्यातील सभासदांना निराळाच सल्ला द्यावा लागेल. तेथील दमट हवेत जाड भरावाला पावसाळ्यात बुरशी येते. जुन्या वेताच्या विणीच्या खुर्च्या असतील तर त्यांना कापडाने मढवू नये, वेत नव्याने विणून घ्यावा आणि वर फक्त पातळ सुटी गादी ठेवावी. तिला कुणबी लुगड्याच्या तांबड्या चौकड्याचे कापड उत्तम. हे लुगडे अलीकडे पुन्हा पुढे आणले ते वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी.

चामड्याचा प्रश्न आपल्या घरी उद्भवत नाही, असे पुष्कळांस वाटते. तो उद्भवतो. ‘बाँडेड लेदर’ या नावाने विकले जाणारे आवरण चामड्याच्या चुऱ्यापासून केलेले असते. दिसायला मात्र ते रेक्झिनसारखेच. जुन्या विलायती कोचांत घोड्याचे केसही भरलेले सापडतात. तेव्हा विचारून, बिलावर लिहून घेऊन माल घ्यावा. रेक्झिनमध्ये दोष नाही, पण आपल्या हवेत ते अंगाला चिकटते आणि काही वर्षांत तडकते. रेशमाविषयी ज्यांचा नियम आहे त्यांनी मशरू व हिमरू घेताना ताणा-बाणा कशाचा आहे ते पाहावे. पुष्कळ मशरू आता कृत्रिम रेशमावरच विणले जाते. कोशातून पतंग उडून गेल्यावर काढलेल्या अहिंसा रेशमाचा पुरस्कार हैद्राबादच्या कुसुमा राजय्या यांनी केला, हाही एक मार्ग आहे.

रंगांविषयी फार शास्त्र सांगण्याची गरज नाही. आपल्या भाषेत रंगांना क्रमांक नव्हते; डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली, मोरपंखी, शेवाळी, गुलबक्षी अशी नावे होती, आणि ती उच्चारताच कोणता रंग कोणाशेजारी बसेल हे गृहिणीला उमजत असे. कापड निवडण्याचे काम तिच्याकडेच द्यावे. घरधन्याने भाव करावा. नियम एकच पाळावा. मोठी नक्षी एकाच वस्तूवर, बाकीचे तिच्यातलेच रंग उचलून एकरंगी. हातभर नमुना घरी आणून दिवसा आणि रात्रीच्या दिव्याखाली, दोन्ही वेळा पाहावा. दुकानात मोरपंखी दिसणारे कापड पिवळ्या दिव्याखाली शेवाळी दिसू लागते. पश्चिमेच्या खिडकीशी बैठक असेल तर उन्हात न विटणारा पक्का रंग मागावा. ही कसोटी १ ते ८ अशी मोजतात. ५ च्या खालचे कापड तेथे नको.

आणि इतके करून त्यावर प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. पुष्कळ घरी हा प्रकार आहे. पाहुण्यांकरिता खोली राखून ठेवावयाची, आणि मुलांनी मात्र आत आपापल्या खाटेवर मोबाइल घेऊन बसावयाचे. मुले ज्या खोलीत पाय ठेवण्यास भितात तेथे संध्याकाळी दुकानावरून आलेल्या वडिलांशी बोलणार कोण? म्हणून बसावयाच्या गाद्यांना काढता येतील अशा, चेन लावलेल्या खोळी शिवाव्यात, दोन जोड करावेत, एक धुण्यात आणि एक वापरात. सरबत सांडले तर सांडले.

ज्यांच्या घरी अद्याप भिंतीलगतची गादीच आहे त्यांनी ती मोडू नये. पिंजारी बोलावून कापूस पिंजून घ्यावा, लोडांत सावरीचा कापूस भरावा, पांढऱ्या बिछायतीऐवजी सोलापुरी चादर अंथरून पाहावी. एका दिवसाचे काम आहे.

कुशनवाला निघण्यापूर्वी उरलेले कापड त्याच्याकडून मागून घ्यावे. तो ते आपले समजतो. त्यातील अर्धा मीटर, पाइपिंगचा तुकडा आणि बिल अशी तिन्ही एका जुन्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवावी, आणि वर तारीख व कापडाच्या दुकानाचे नाव लिहावे.