घासाघाशीत जिंकतं कोण?

कॉलेजच्या पार्किंगमधली डिस्क ब्रेकवाली कुठलीही बाइक बघा. डिस्कवर गोल गोल रेघा दिसतील. ती झीज! तुम्ही दर वेळी ब्रेक दाबता तेव्हा पॅड आणि डिस्क एकमेकांना थोडं थोडं खातात.

बाइकची डिस्क सहसा स्टीलची असते, कारमध्ये बहुतेकदा कास्ट आयर्नची. मग हलकं ॲल्युमिनियम का नाही वापरत? लोखंडाची घनता सुमारे ७.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, ॲल्युमिनियमची फक्त २.७. वजन थेट तिसऱ्या हिश्श्यावर! पण नुसतं ॲल्युमिनियम मऊ. घासलं की भराभर झिजतं.

यावर उपाय म्हणजे त्यात सिरॅमिकचे कण मिसळायचे, उदाहरणार्थ सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना. हो, पॉलिश पेपरवर असतात तेच. टोयोटाने १९८३च्या सुमारास डिझेल इंजिनच्या पिस्टनमध्ये सिरॅमिक तंतू वापरले. १९९६च्या लोटस एलिसला तर अशा कंपोझिटच्या ब्रेक डिस्क होत्या. पुढे कंपनी पुन्हा कास्ट आयर्नकडे वळली.

गुठळ्यांचा घोळ

बनवायची सोपी पद्धत म्हणजे स्टर कास्टिंग. मुशीत ॲल्युमिनियम वितळवायचं, पात्याने घुसळायचं आणि त्यात गरम केलेली पावडर सोडायची. ऐकायला सोपं, पण पिठलं करताना बेसनाच्या गुठळ्या होतात ना, तसंच इथेही होतं. वितळलेला धातू कणांना नीट चिकटत नाही. म्हणून अनेकदा थोडं मॅग्नेशियम घालतात. तापमान जास्त झालं किंवा वेळ लांबला, तर सिलिकॉन कार्बाइडपासून ठिसूळ ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. म्हणजे मेहनत पाण्यात!

खडी उखडली की...

झीज मोजतात पिन-ऑन-डिस्क यंत्रावर. कंपोझिटची छोटी पिन फिरत्या स्टीलच्या चकतीवर दाबायची, ठरावीक अंतर घासायची आणि आधीचं-नंतरचं वजन करायचं. आर्चर्डचं १९५३चं समीकरण सांगतं, की भार आणि अंतर वाढलं की झीज वाढते, कठीणपणा वाढला की कमी होते.

मग कण वाढवत जायचे? इथेच गंमत आहे. डांबरी रस्ता आठवा. खडी डांबरात घट्ट बसलेली असते तोवर टायरचा भार ती पेलते. पावसाळ्यात उखडली की तीच चाकाखाली येते आणि गाडी घसरते. कंपोझिटचंही तसंच. भार कमी असताना कण ॲल्युमिनियमला वाचवतात. भार फार वाढला, किंवा गुठळ्या असल्या, की कण तुटतात, सुटतात आणि दोन पृष्ठभागांच्या मध्ये अडकून दोघांनाही ओरबाडतात.

आणि पिन टिकली म्हणजे जिंकलो असंही नाही, बरं का! कठीण कण समोरच्या स्टीललाच खाऊ शकतात. डिस्क वाचली आणि पॅड संपला, तर उपयोग काय?

तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, फायनल इयरला हा प्रोजेक्ट घेताय? पिनसोबत चकतीचंही वजन करा. आणि कण वाढवूनही झीज वाढली, तर ग्राफमधला तो ‘नको असलेला’ पॉइंट खोडू नका. नमुना कापा, मायक्रोस्कोपखाली गुठळ्या शोधा. व्हायवात सांगण्यासारखी खरी गोष्ट तिथेच असेल. शिवाय उद्या असा भाग खऱ्या गाडीत बसला, तर ब्रेकवर पाय कुणाचा तरी असणारच आहे.