बंदूक नाही, होल्स्टर मात्र हवं

जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. 1958 च्या शस्त्रकायद्याने ते दार बंद झालं. 1971 च्या दुरुस्तीने तर धातूच्या नकली पिस्तुलांचीही नळी बुजवून त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणं सक्तीचं केलं. तरीही टोकियो आणि योकोहामाच्या मधल्या कावासाकीत एखादा हौशी माणूस आरी, मेण लावलेला दोरा आणि जाड चामडं घेऊन काउबॉयचं होल्स्टर शिवायला बसला, तर त्यात नवल नाही. 1959-60 च्या सुमारास जपानी दूरचित्रवाणीवर ‘रॉहाइड’ आणि ‘लॅरमी’ या अमेरिकी मालिका आल्या आणि काउबॉयचं वेड घरोघरी पोचलं. निक्कात्सु स्टुडिओच्या मारधाडीच्या चित्रपटांतला नट जो शिशिदो तर पिस्तूल झटक्यात उपसण्यासाठीच नावाजला होता. खरं पिस्तूल मिळणार नव्हतं, म्हणून नकली आलं. पण त्याचं चामड्याचं घर खरं असायला कायद्याची आडकाठी नव्हती.

चांगल्या होल्स्टरची परीक्षा सोपी असते. उलटं धरलं तरी पिस्तूल पडता कामा नये आणि ओढलं की एका हिसक्यात बाहेर यायला हवं. बंद, बक्कल हे पुढचे सोपस्कार. मुख्य पकड चामड्याने धरलेल्या आकारातून येते. त्यासाठी साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीचं चामडं घेतात, तेही जनावराच्या पाठीकडचं, कारण पोटाकडचं ताणतं आणि सैल पडतं. बेतून कापलेला तुकडा दुमडून शिवतात, पाण्यात भिजवतात, आत नकली पिस्तूल पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून घालतात आणि अंगठ्याने, हाडाच्या गुळगुळीत पट्टीने दाबत दाबत त्याची प्रत्येक कड चामड्यावर उठवतात. वाळल्यावर तो आकार तसाच राहतो. का राहतो, हा खरा प्रश्न आहे.

चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. त्याचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा बनलेला असतो. लांबी सुमारे 300 नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. हा तिहेरी पीळ उकलण्याचा मान आपल्याकडे येतो. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954-55 मध्ये ही रचना मांडली आणि त्यासाठी लागलेला कोलॅजनचा नमुना, कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध, त्यांना तिथल्याच केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेकडून मिळाला होता. असे पिळदार धागे एकमेकांत गुंतून कातड्याची जाळी तयार होते. कच्चं कातडं ओलं ठेवलं तर सडतं आणि वाळवलं तर फळीसारखं कडक होतं. कमावल्यावर त्याचं चामडं होतं.

कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि होल्स्टरचं सगळं भवितव्य त्या निवडीत आहे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ, लवचिक आणि उष्णता सोसणारं असतं. जॅकेटला उत्तम, पण ओलं करून दाबलं तरी वाळताना ते पुष्कळसं मूळ पदावर येतं. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याची तऱ्हा वेगळी. टॅनिनचे मोठाले रेणू धाग्यांच्या मधल्या जागा भरून टाकतात आणि कोलॅजनला असंख्य हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. पाणी आत शिरलं की यांतले बरेच बंध ढिले होतात, धागे एकमेकांवरून सरकतात. पाणी उडून गेलं की बंध पुन्हा जुळतात, पण आता नव्या जागी.

म्हणून भिजवण्याचा अंदाज हे यातलं खरं कसब. चामडं पाण्यात बुडवलं की आधी बुडबुडे येतात. ते थांबल्यावर बाहेर काढून, वरचा रंग पुन्हा फिकट होऊ लागेपर्यंत थांबावं लागतं. फार ओलं असताना दाबलं तर ठसा बसतो आणि विरतो. फार कोरडं असेल तर उमटतच नाही. त्यात घाईने गरम पाणी वापरणं महागात पडतं. सालीने कमावलेलं ओलं चामडं साधारण 70 ते 85 अंश सेल्सियसच्या दरम्यान आकसतं, कारण त्या तापमानाला कोलॅजनचा पीळच उलगडतो. मग काहीही केलं तरी ते मूळ मापाचं होत नाही. जून-जुलैतल्या जपानी पावसाळ्यात उलट तक्रार असते: चामडं वाळतच नाही आणि बुरशी धरते.

जपानात टॅनिनने कमावलेल्या चामड्याला ‘नुमेगावा’ म्हणतात. तोचिगी प्रांतात आजही मिमोसाच्या सालीच्या अर्काने भरलेल्या हौदांत कातडी कमावतात. हा मिमोसा बाभळीच्याच गोतातला. कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीची साल आणि हिरडा यांवरच कमावलं जातं. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात साल-हिरडा भरून ती टांगण्याची रीत जुनी आहे. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे रसायन हाताने जाणणाऱ्या ढोर-चांभार समाजांना आपण गावाबाहेर ठेवलं. जपाननेही आपल्या चर्मकारांशी तेच केलं. 1871 च्या फर्मानाने कागदोपत्री भेद मिटवला, मनातला रेंगाळला. पुढे हौसेच्या बाजारात त्याच कामाला ‘क्राफ्ट’ म्हणून प्रतिष्ठा मिळाली, हे मला तरी खटकतं.

टॅनिनचा आणखी एक गुण होल्स्टर करणाऱ्याला लवकरच भेटतो. ओल्या चामड्याला लोखंडी हत्यार टेकलं की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. लोह आणि टॅनिन मिळून काळं संयुग बनतं. काही कारागीर हेच मुद्दाम करतात: व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवतात आणि ते पाणी चामड्यावर फिरवतात. रंग वरून बसत नाही, चामड्यातच तयार होतो. आपल्याकडे कलमकारीतला काळा रंग हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यातून येतो. जपानी स्त्रिया शतकानुशतकं दात काळे करत, तेही लोखंडाचं आंबट पाणी आणि झाडावरच्या गाठींची टॅनिनयुक्त पूड वापरूनच.

एवढं घट्ट बसवलेलं होल्स्टर झटपट पिस्तूल उपसण्याच्या खेळात मात्र आडवं येतं. पिस्तूल बाहेर येण्याआधीच घोडा मागे ओढायचा तर गोळ्यांचं चक्र आतच फिरायला हवं, आणि चामड्याने ते आवळून धरलेलं असतं. हॉलिवूडमध्ये नटांना नेमबाजी शिकवणाऱ्या आर्वो ओजाला यांनी 1950 च्या दशकात यावर तोड काढली. चामड्याच्या दोन थरांमध्ये त्यांनी धातूचा पातळ पत्रा घातला. पत्र्यामुळे आतली पोकळी कायम राहते, चक्र मोकळं फिरतं. अशा होल्स्टरचा आकार पत्रा सांभाळतो आणि बाहेरचं चामडं त्या पत्र्याला चिकटून राहिलं की पुरतं.