लिंगसंदिग्धता : शिल्पातील आणि कथनातील

प्राचीन शिल्पांतील स्त्रीपुरुषमिश्र आकृती आणि आधुनिक कादंबरीतील लिंग न सांगणारा निवेदक, या दोहोंचा निर्देश पुष्कळदा ‘संदिग्धता’ या एकाच संज्ञेने केला जातो. वस्तुतः येथे तीन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद बव्हंशी माध्यमाच्या स्वरूपातून उद्भवतो.

घारापुरीच्या मुख्य लेण्यातील सहाव्या शतकातील अर्धनारीश्वर प्रथम घ्यावा. उजवे अंग शिवाचे. त्या बाजूचा हात नंदीवर टेकलेला. डावे अंग देवीचे. त्या बाजूस स्तन आणि हाती दर्पण. दोन्ही अंगे एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, काहीही झाकलेले नाही. तेव्हा ही संदिग्धता नसून उभयता होय. हा मूर्तिसंकेत अवगत नसलेल्या काही युरोपीय प्रवाशांनी एकच स्तन पाहून ही आकृती ग्रीक कथांतील ॲमेझॉनची ठरविली. घोटाळा शिल्पात नव्हता, पाहणाऱ्याच्या पूर्वग्रहात होता.

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील ‘निद्रिस्त हर्माफ्रोडिटस’ या रोमन शिल्पाची रीत निराळी आहे. पाठीकडून पाहता निजलेली स्त्री दिसते. वळसा घालून पलीकडे गेल्यावर पुरुषचिन्ह दृष्टीस पडते. येथे उलगडा केवळ लांबविलेला आहे.

कथनातील संदिग्धता हा तिसरा प्रकार. तेथे वळसा घालून पाहावी अशी दुसरी बाजूच नसते. शब्द जेवढे देतो तेवढेच वाचकाला मिळते. परंतु शब्दाला व्याकरणाचे बंधन असते. ॲन गारेता यांच्या ‘स्फिंक्स’ (१९८६) या फ्रेंच कादंबरीत निवेदक आणि त्याची प्रिय व्यक्ती या दोघांचेही लिंग कळत नाही. त्यासाठी कर्त्याशी लिंगान्वय साधणारी भूतकाळाची रूपे टाळून लेखिकेला अन्य रूपांचा आश्रय करावा लागला.

मराठीत हे बंधन अधिक व्यापक आहे. ‘मी निघालो’ किंवा ‘मी निघाले’ म्हणताच निवेदकाचे लिंग प्रकट होते. वर्तमानकाळी ‘मी पाहतो’, ‘मी पाहते’ यांतही तेच. तथापि काही वाटा मोकळ्या राहतात. ‘मी दार उघडले’ या कर्मणिप्रयोगात क्रियापद दाराचे लिंग घेते, कर्त्याचे नव्हे. ‘मी जाईन’, ‘मी जात असे’, ‘मला आठवते’ ही रूपेही मौन पाळतात.

या वाटांची किंमत मात्र ध्यानात घेतली पाहिजे. असा निवेदक दार उघडू शकतो, पत्र लिहू शकतो. परंतु तो ‘रडला’ वा ‘रडली’ असे सांगता येत नाही. ‘मला रडू आले’, ‘मला परतावे लागले’ असेच म्हणावे लागते. त्यामुळे निवेदकाच्या हातून घडणाऱ्या क्रिया घटतात आणि त्याच्यावर ओढवणाऱ्या वाढतात. लिंग लपविता लपविता स्वभावही बदलतो. येथे निवेदकासाठी ‘तो’ हे सर्वनाम योजावे लागले, हाही त्याच अडचणीचा पुरावा होय.

जेनेट विंटरसन यांच्या ‘रिटन ऑन द बॉडी’ (१९९२) या इंग्रजी कादंबरीतील ‘मी’चे लिंगही अज्ञात राहते, इंग्रजी क्रियापद ते विचारीतच नाही. अशा कृतीच्या मराठी अनुवादकापुढे दोनच पर्याय उरतात : लिंग ठरवून मूळ रचना मोडावी, किंवा मौन राखून निवेदकाला अधिक सोशीक करावे. यांपैकी कोणता पत्करला, हे त्याने प्रस्तावनेत नमूद करणे इष्ट; अन्यथा व्याकरणाने घेतलेला निर्णय वाचक लेखिकेचाच मानील.