लायसन निलंबित झाले, मग विम्याचा आधार किती?



मोटारसायकल, ट्रॅक्टर, पिकअप यांपैकी एखादे वाहन आता बहुतेक शेतकरी कुटुंबांत असते. आपण विम्याचा हप्ता भरतो, कागद ट्रंकेत ठेवतो आणि निर्धास्त होतो. पण चालवणाऱ्याचे लायसन निलंबित झाले असेल, तर तो कागद ऐन वेळी उपयोगी पडत नाही. हे अपघातानंतर कळण्यापेक्षा आधीच समजून घ्या.

लायसन का जाते?

दारू पिऊन किंवा मोबाईलवर बोलत गाडी चालवणे, अतिवेग, सिग्नल तोडणे, जादा माल भरणे, मालवाहू गाडीत माणसे बसवणे, ही नेहमीची कारणे. अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन निलंबित करावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली सर्व राज्यांना कळवले. लग्नाचे वऱ्हाड टेम्पोत भरताना हे आठवावे.

कामापुरती सवलत नाही

अमेरिकेत काही राज्यांत निलंबनाच्या काळातही फक्त कामावर जाण्या-येण्यापुरते लायसन मिळते. विम्याचा हप्ता मात्र बहुधा वाढतो. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशी सोय नाही. दूध डेअरीला घालायचे होते, भाजी बाजारात न्यायची होती, ही सबब चालत नाही. निलंबनात गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

विम्याचे काय होते?

लायसन निलंबित झाले म्हणून पॉलिसी रद्द होत नाही. पण पॉलिसीतच अट असते, की अपघाताच्या वेळी चालकाचे लायसन अंमलात हवे आणि त्याला गाडी चालवण्यास मनाई झालेली नसावी. ही अट मोडली, तर तीन बाजूंनी फटका बसतो.

पहिला, आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते.

दुसरा, मालकासाठीचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. मालकच निलंबित लायसनवर गाडी चालवताना दगावला, तर घरच्यांच्या हाती ती रक्कम येणे कठीण.

तिसरा फटका सर्वांत मोठा. समोरचा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ही वसुली कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. म्हणजे एका फेरीपायी सातबाऱ्यावरची जमीन धोक्यात!

मग करावे काय?

निलंबनाचा हुकूम नीट वाचा. कोणत्या तारखेपर्यंत व कोणत्या प्रकारच्या वाहनांसाठी मनाई आहे, ते पाहा. हुकूम अन्यायाचा वाटला, तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते.

तेवढे दिवस गाडी लायसनदार माणसाच्या हाती द्या. हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला एकूण साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. तेव्हा पिकअपला माणूस शोधणे अवघड नाही.

ड्रायव्हर ठेवताना त्याचे मूळ लायसन पाहा, मुदत तपासा, नक्कल घरी ठेवा. मालकाने वाजवी काळजी घेतली होती की नाही, हे न्यायालय पाहते. २००४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की मालकाचा निष्काळजीपणा कंपनीने सिद्ध केला पाहिजे. लायसन निलंबित आहे हे ठाऊक असून चावी दिली, तर हा आधार उरत नाही.

अल्पवयीन मुलाच्या हाती तर चावी मुळीच देऊ नका. त्याच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे.

विम्याचा हप्ता मात्र चुकवू नका. गाडी दुसऱ्याच्या हाती रस्त्यावर असली, तरी तिला विमा हवाच.

माय-भगिनींनो, घरातल्या कर्त्याचे लायसन निलंबित असेल, तर चावी तुम्हीच सांभाळा. दोन-तीन महिने शेजाऱ्याच्या गाडीने माल गेला तर थोडे भाडे जाईल, पण पिढ्यान्पिढ्यांची जमीन शाबूत राहील.