पाहणारे गाव, पाहिलेले गाव

मौजे वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, असा ज्या गावाचा उल्लेख महसुली दप्तरात होतो, ते गाव धुळे–सोलापूर हमरस्त्यावर, पाचोड मागे टाकून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशास शहागडचा गोदावरीवरील पूल येण्यापूर्वी लागते. आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, व १९८१ साली जालना हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या या मुलखाकडे मुंबईच्या वा दिल्लीच्या नजरेने निरखून पाहण्याचे प्रसंग फार थोडे आले होते. ती नजर जून २०२४ मध्ये येथे खिळली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणार्थ लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी १३ जूनपासून येथे उपोषण आरंभिले, ते २२ जूनला स्थगित होईपर्यंत वृत्तवाहिन्यांचे वार्ताहर, त्यांचे बूम आणि ओबी व्हॅन यांचा मुक्काम या परिसरात होता. आदल्या वर्षी ऑगस्टअखेर जवळच्याच अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले, तेव्हाही हीच वाट या वाहनांनी धरली होती. त्या वादाचा निवाडा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. दशकानुदशके टीव्ही पाहत आलेले गाव टीव्हीवर पाहिले जाऊ लागले, हे जे स्थित्यंतर, त्याचा अर्थ लावू इच्छिणाऱ्यास कोणते चित्रपट, कोणते माहितीपट आणि कोणते ग्रंथ साह्यभूत होतील, एवढाच येथील विचार आहे.

खेड्यापुढे टीव्ही प्रथम आला तो गुरुजीच्या भूमिकेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात, अमेरिकेने काही काळापुरत्या वापरास दिलेल्या एटीएस-६ या उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले, आणि ‘साइट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस हे अग्रभागी होते. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता; परंतु गुलबर्गा आणि रायचूर हे, जालन्याप्रमाणेच एके काळी हैदराबाद संस्थानात असलेले जिल्हे त्यात होते, म्हणजे जुन्या शेजाऱ्यांच्या गावांत उपग्रहाचे कार्यक्रम टिपणाऱ्या जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या आणि अंबड तालुक्याने तो सोहळा पाहिला नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम दीर्घकाळ चालविला, हे त्या केंद्राचे मोठे ऋण मानले पाहिजे. तरीही या साऱ्या व्यवहारात बोलणारा स्टुडिओत आणि ऐकणारा गावात, ही वाटणी कायम राहिली.

त्या पहिल्या भेटीतील नवलाई आणि भय यांचे दर्शन घडविणारे दोन चित्रपट आपल्या शेजारच्या भूमीतूनच आलेले आहेत. भूतानी दिग्दर्शक ख्येंत्से नोर्बू यांचा ‘द कप’ (१९९९) हिमाचलातील एका तिबेटी मठात घडतो: बालभिक्षूंना १९९८ च्या विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना पाहावयाचा आहे, त्यासाठी टीव्ही आणि छत्री भाड्याने आणावयाची आहे, आणि पैसे अपुरे पडतात तेव्हा नव्याने आलेल्या एका पोरक्या वाटणाऱ्या मुलाचे, त्याच्या आईने दिलेले घड्याळ गहाण पडते. सामना चालू असता ज्या मुलाने हा सारा खटाटोप केला त्याचेच चित्त त्या घड्याळापाशी अडकते. करमणूक आणि करुणा यांचा असा सहवास मी अन्य चित्रपटांत क्वचितच पाहिला. मुस्तफा सरवर फारुकी यांचा बांगलादेशी ‘टेलिव्हिजन’ (२०१२) हा याहून कठीण प्रश्न घेतो. गावचा वृद्ध चेअरमन प्रतिमा धर्मबाह्य मानून टीव्हीस मनाई करतो. एका हिंदू शिक्षकास टीव्ही ठेवण्याची मोकळीक मिळते आणि मग सारी मुले त्याच्याच घरी गोळा होऊ लागतात. अखेरीस हज यात्रेस निघालेला हा चेअरमन फसविला जाऊन ढाक्यातच अडकतो, आणि तेथील हॉटेलातल्या टीव्हीवर हजचे दृश्य पाहताना त्याच्या मुखातून आपोआप तलबिया, म्हणजे हज यात्रेकरूंची प्रार्थना, उमटते. दिग्दर्शकाने म्हाताऱ्यास हास्यास्पद होऊ दिले नाही, हे त्याचे मोठेपण.

ग्रंथांत मी प्रथम हाती देईन तो कर्क जॉन्सन यांचा ‘टेलिव्हिजन अँड सोशल चेंज इन रूरल इंडिया’ (२०००), कारण त्याचे क्षेत्र महाराष्ट्रच आहे: पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील दोन खेड्यांत राहून, माणसांशी बोलून, लेखकाने टीव्हीमुळे घरातील बायकांच्या कामाचे वेळापत्रक, तरुणांच्या आकांक्षा, आणि माहितीचा वडीलधाऱ्यांकडील मक्ता यांत काय पालट झाला याची नोंद केली आहे. अरविंद राजगोपाल यांचा ‘पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन’ (२००१) हा जड ग्रंथ आहे. परंतु २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यापासून रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडत, एवढीच आठवण ज्यांच्यापाशी आहे, त्यांना त्या सकाळींचा पुढील राजकारणाशी असलेला संबंध तो उलगडून दाखवतो.

आता कॅमेरा गावात येतो. अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’ची (२०१०) गणना विनोदी चित्रपटांत होते, ती मला अपुरी वाटते. कर्जापायी जमीन जाण्याची वेळ आलेला नत्था, सरकारी भरपाई मिळावी म्हणून आत्महत्या करणार असल्याची वार्ता फुटताच वाहिन्यांचा तांडा पीपलीत उतरतो, दुकाने लागतात, पाळणे फिरतात, आणि ज्याच्या मरणाची वाट पाहिली जाते त्याला जगावे की मरावे हे विचारण्यास कोणी उरत नाही. रिझवी स्वतः पूर्वी वृत्तवाहिनीत काम केलेल्या, म्हणून वार्ताहरांच्या लगबगीचा बारीकसारीक तपशील त्यांनी अचूक टिपला. आणि नत्था झालेले ओंकारदास माणिकपुरी हे हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’च्या मुशीतले, म्हणून त्या गर्दीतले त्याचे मौन इतके बोलके झाले. या चित्रपटाचा प्राण मात्र होरी महातो या पात्रात आहे. हा हाडांचा सापळा झालेला माणूस रोज एका खड्ड्यातून माती खणून विकतो, आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. कॅमेरे तेथून जवळच आहेत, पण त्यांच्या लेखी ती बातमी नव्हे. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील होरीचे नाव त्याला देऊन लेखिकेने एका शतकाचे दुःख त्या खड्ड्यात आणून ठेवले. कापसाच्या मुलखात राहणाऱ्याने हा प्रसंग पाहिला की मन दीर्घकाळ अस्वस्थ राहते.

कल्पित कथा ज्यांना पुरत नाही त्यांनी दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा माहितीपट पाहावा. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या कुटुंबीयांशी बोलतात, आणि त्याच काळात मुंबईतील वस्त्रप्रदर्शनाच्या सोहळ्यास शेकडो पत्रकार जमले असता कापूस पिकविणाऱ्यांकडे जाण्यास मात्र बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, ही विषमता ते संतापाने सांगतात. तो संताप मला अत्यंत उचित वाटतो. कॅमेऱ्याच्या मागील माणसाची व्यथा विनय शुक्ला यांच्या ‘व्हाइल वी वॉच्ड’मध्ये (२०२२) आहे: वृत्तनिवेदक रवीश कुमार यांच्यामागे दोन वर्षे फिरून त्यांनी वृत्तकक्षाचे जे अंतरंग टिपले, त्यात नोकरी सोडून जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या निरोपासाठी वारंवार कापले जाणारे केक हे कोणत्याही भाषणाहून अधिक बोलतात.

विदेशी ग्रंथांत नील पोस्टमन यांचे ‘अम्यूझिंग अवरसेल्व्ज टु डेथ’ (१९८५) सर्वश्रुत आहे, त्यावर येथे थांबत नाही. पियर बोर्द्यू यांचे छोटेखानी ‘ऑन टेलिव्हिजन’ मात्र अंबडच्या वाचकास अधिक जवळचे ठरेल. १९९६ साली टीव्हीवरच दिलेल्या दोन व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या या पुस्तकाचे प्रतिपादन असे की, वाहिन्या प्रेक्षकाहून अधिक एकमेकींकडे पाहतात, एकीने दाखविले ते दुसरीस दाखवावेच लागते, आणि म्हणून चढाओढीतून विविधतेऐवजी एकसारखेपणा निपजतो. एकाच चौकात, एकाच वेळी, तेच वाक्य उच्चारणारे अनेक वार्ताहर ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे भाष्य करून सांगावे लागणार नाही.

मराठीत सई परांजपे यांचे ‘सय’ (२०१६) हे आत्मकथन या यादीत अवश्य असावे, कारण दिल्ली दूरदर्शनच्या आरंभकाळातील अपुरी साधने आणि अमाप उत्साह त्यात प्रत्यक्ष कर्तीच्या लेखणीने उतरला आहे. परंतु ते निर्मात्याच्या बाजूचे लेखन झाले. चित्रित झालेल्या गावाच्या बाजूचे लेखन मला हवे आहे: वार्ताहरांनी कोणास बोलाविले आणि कोणास बाजूला सारले, कोणाचे दहा मिनिटांचे बोलणे दहा सेकंदांच्या बाइटमध्ये उरले, घरातील बायकांना कोणी काही विचारले काय, आणि शेजारच्या दोन गावांनी एकमेकांस टीव्हीवर पाहिले तेव्हा पूर्वीच्या सोयरिकीत काही अंतर पडले काय. हा सारा तपशील वाहिन्यांच्या संग्रहात असणार नाही. वडीगोद्री आणि अंतरवाली सराटी या दोन्ही गावांतील शाळामास्तर, ग्रामसेवक, चहावाले आणि गृहिणी यांच्या जबान्या एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अजून स्मरण ताजे आहे तोवर, दोन्ही बाजूंस सारखाच आदर देऊन, वहीत उतरवून घ्याव्यात आणि त्यांची एक प्रत अंबडच्या एखाद्या ग्रंथालयात ठेवावी.