दारू सुटल्यानंतरची वाट

दारूचा प्रश्न आपल्याकडे चर्चेला येतो तो बहुधा दोनच अंगांनी. दुकान बंद व्हावे की नाही, आणि सरकारी तिजोरीत त्यातून भर किती पडते. बाटली आडवी करण्यासाठी गावातील स्त्रिया मतदानाला उतरल्या की त्याचा गवगवा होतो, आणि तो व्हावाही. परंतु देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. इथे गावातले दुकान बंद झाले तरी पिणाऱ्याला पलीकडची वाट ठाऊक असते. शिवाय ज्याने कालच दारू सोडली, त्याची आजची संध्याकाळ कशी जायची, या प्रश्नाला कोणताही कायदा उत्तर देत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी सापडले. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल व्यवहार फसल्याने खचला होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते आणि हॉटेलातला बार त्याला खुणावत होता. त्याने दूरध्वनीवरून दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताचा शोध सुरू केला. सापडले ते डॉ. बॉब स्मिथ, स्वतः शल्यचिकित्सक आणि स्वतःच व्यसनी. उपदेश करण्याऐवजी विल्सनने आपलीच हकिगत सांगितली. या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही बंधुसंस्था उभी राहिली. भारतात ती 1950 च्या दशकात आली. सभासदत्वाला अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, पूर्ण नाव सांगण्याची सक्ती नाही.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. पु. ल. देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. तिथेही बरे झालेलेच रुग्ण पुढे इतरांचा हात धरताना दिसतात. ज्याने स्वतः घरातली भांडी विकून प्यायली, त्याच्यापुढे खोटे बोलता येत नाही, हे त्यामागचे साधे मर्म.

यात आपल्याला परके वाटावे असे काही नाही. गळ्यात माळ घालून दारू सोडणारे आपल्या खेड्यांत कमी नाहीत. त्यांना सांभाळते ती एकादशीची भजनमंडळी आणि आषाढीची दिंडी. फरक एवढाच की, माळकऱ्याचा पाय घसरला तर तो लाजेने मंडळीपासून दूर जातो. या सभांत मात्र घसरलेला माणूस पुढच्याच आठवड्यात पुन्हा येऊन बसू शकतो, आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 27 अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालाने या मार्गाच्या बाजूने कौल दिला. दारूपासून पूर्णतः दूर राहण्याच्या बाबतीत तो इतर प्रस्थापित उपचारांच्या तुलनेत उणा तर पडत नाहीच, अनेकदा सरस ठरतो. अर्थात तो वैद्यकाला पर्याय नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर आकडी येते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्याच देखरेखीखाली जायला हवेत. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खरी अडचण रुग्ण घरी परतल्यावर सुरू होते. केंद्र सरकारने करविलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार लाभले होते.

लहान गावात निनावी राहणे कठीण, हा आक्षेप रास्त आहे. कचेरीतला लिपिक सभेला जाताना दिसला तर दुसऱ्या दिवशी टेबलाटेबलांवर चर्चा होणार. हाच लिपिक झिंगून रस्त्यात पडतो तेव्हा मात्र आपण सवयीने नजर फिरवितो! तेव्हा सभेची जागा अशी हवी की, तिथे जाण्याला दुसरे कारणही असू शकेल : शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ किल्ली द्यावी आणि माफक भाडेही जरूर घ्यावे, कारण बाहेरची देणगी न घेता आपला खर्च आपणच भागवावा असा या मंडळींचा नियम आहे.