जीवशास्त्राचा अभ्यास : पाठांतर आणि आकलन

रेल्वे भरती, कर्मचारी निवड आयोग, राज्य लोकसेवा आयोग अशा अनेक स्पर्धा परीक्षांमध्ये सामान्य विज्ञानावर प्रश्न विचारले जातात. त्यांत जीवशास्त्राचा वाटा लक्षणीय असतो. नोकरी, शेती अथवा घरकाम सांभाळून एकट्याने अभ्यास करणारा परीक्षार्थी या विषयाकडे वळतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक लांबलचक यादी येते. कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने कोणता रोग होतो, शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी कोणती, सर्वदाता रक्तगट कोणता, अशा शेकडो प्रश्नोत्तरांचे पाठांतर सुरू होते. काही दिवसांनी ही उत्तरे परस्परांत मिसळू लागतात आणि विषय अवघड असल्याची समजूत दृढ होते.

वास्तविक जीवशास्त्र हे सुट्या माहितीचे गाठोडे नाही. सजीवांच्या शरीरातील प्रत्येक रचनेमागे बहुधा काही कार्य असते आणि प्रत्येक नियमामागे काही कारण असते. ते कारण उमगले की दहा विधाने वेगवेगळी लक्षात ठेवावी लागत नाहीत. एकातून दुसरे आपोआप निघते. रक्त या एकाच घटकाचे उदाहरण घेतले, तरी ही गोष्ट स्पष्ट होईल.

रचना आणि कार्य

रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग रक्तद्रवाचा असतो. त्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका तरंगत असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे 50 लाख तांबड्या पेशी असतात, तर पांढऱ्या पेशींची संख्या साधारणपणे 4,000 ते 11,000 असते. हे आकडे केवळ पाठ केले, तर त्यांची अदलाबदल होण्याचा संभव असतो. मात्र तांबड्या पेशींवर शरीरातील सर्व ऊतींना प्राणवायू पोहोचविण्याची अखंड जबाबदारी आहे, आणि पांढऱ्या पेशी संरक्षणाचे काम करतात, हे ध्यानात घेतले की वाहकांची संख्या रक्षकांपेक्षा कितीतरी मोठी का, हे कळते.

मानवाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. त्यामुळे पेशीत हिमोग्लोबिनसाठी अधिक जागा मिळते. परंतु केंद्रकाच्या अभावी ती आपली झीज भरून काढू शकत नाही. म्हणून तिचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचेच असते. जुन्या पेशी प्रामुख्याने प्लीहेत व यकृतात नष्ट होतात आणि अस्थिमज्जेत नव्या तयार होत राहतात. हिमोग्लोबिन तयार होण्यास लोह लागते. आहारात लोह कमी पडले की रक्तक्षय का होतो, याचे उत्तरही येथेच सापडते.

दोन विधानांतून संपूर्ण कोष्टक

ए, बी आणि ओ या रक्तगटांचा पाया कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने 1901 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने घातला. या कार्यासाठी त्यांना 1930 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोण कोणाला रक्त देऊ शकतो, याचे कोष्टक परीक्षार्थी घोकून पाठ करतात. त्याऐवजी दोनच विधाने समजून घेणे पुरेसे आहे.

पहिले विधान असे, की ए गटाच्या तांबड्या पेशींवर ए प्रतिजन, बी गटाच्या पेशींवर बी प्रतिजन, एबी गटाच्या पेशींवर दोन्ही प्रतिजन असतात. ओ गटाच्या पेशींवर या दोहोंपैकी एकही नसतो. दुसरे विधान असे, की जो प्रतिजन आपल्या पेशींवर नाही, त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड आपल्या रक्तद्रवात असतात.

तांबड्या पेशी देताना रुग्णाचे प्रतिपिंड दात्याच्या पेशींवर हल्ला करणार नाहीत ना, हे पाहावे लागते. ओ गटाच्या पेशींवर हल्ला करण्याजोगा ए किंवा बी प्रतिजन नाही, म्हणून तो सर्वदाता. एबी गटाच्या व्यक्तीकडे ए व बी विरोधी प्रतिपिंड नाहीत, म्हणून ती सर्वग्राही. आरएच घटकाचाही विचार केला, तर ओ निगेटिव्ह हा सर्वदाता आणि एबी पॉझिटिव्ह हा सर्वग्राही ठरतो.

आता प्रश्न थोडा बदलून पाहावा. तांबड्या पेशींऐवजी केवळ रक्तद्रव द्यायचे असेल, तर कोणत्या गटाचे चालेल? कोष्टक पाठ करणारा येथेही ओ असेच उत्तर देईल आणि गुण गमावील. ओ गटाच्या रक्तद्रवात दोन्ही प्रतिपिंड असतात; एबी गटाच्या रक्तद्रवात एकही नसतो. म्हणून रक्तद्रवाच्या बाबतीत एबी हाच सर्वदाता होय. नियम उलटा झाला असला, तरी कारण तेच राहिले आहे.

मुंबईतील शोध

कारण समजून घेण्याचे महत्त्व परीक्षेपुरते मर्यादित नाही. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत आढळलेल्या एका वेगळ्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. हा गट पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन एच नावाच्या मूळ घटकाला एकेक शर्करा जोडली गेल्याने तयार होतात. ओ गटात अशी जोड होत नाही. एच तसाच राहतो. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये हा एचच तयार होत नाही. पायाच नसल्याने ए अथवा बी यांची उभारणीही होत नाही, आणि नेहमीच्या प्राथमिक चाचणीत असे रक्त ओ गटासारखे दिसते. परंतु या व्यक्तींच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंड असतात आणि ओ गटाच्या पेशींवर तर एच विपुल असतो. त्यामुळे ‘ओ सर्वांना चालते’ या पाठ केलेल्या नियमावर विसंबून त्यांना ओ गटाचे रक्त दिले, तर ते प्राणघातक ठरू शकते. त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणूनच रक्तपेढीत केवळ गटाच्या नावावर न थांबता दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्तद्रव एकत्र करून प्रत्यक्ष जुळणी तपासतात.

आनुवंशिकतेच्या नियमाबाबतही असेच घडते. ओ गटाच्या पालकाचे अपत्य एबी गटाचे नसते, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु ओ भासणारा पालक बॉम्बे गटाचा असेल, तर त्याच्यातील ए किंवा बीचे जनुक झाकलेले असते आणि अपत्यात ते प्रकट होऊ शकते. अशा वेळी अर्धवट पाठ केलेल्या नियमाच्या आधारे कुटुंबातील नात्यावर संशय घेणे किती अन्यायाचे ठरेल, हे सांगावयास नको.

अभ्यासाची दिशा

याचा अर्थ पाठांतर निरुपयोगी आहे, असा नव्हे. शास्त्रज्ञांची नावे, वर्षे आणि प्रमाणे लक्षात ठेवावीच लागतात. मात्र पाठांतरापूर्वी आकलन व्हावे. एखादा घटक वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, त्याची आकृती अथवा कोष्टक कोऱ्या कागदावर स्वतः काढावे आणि प्रत्येक विधानापुढे ‘असे का?’ हा प्रश्न लिहावा. ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता येत नाही, तेवढाच भाग पुन्हा वाचावा. जुन्या प्रश्नपत्रिका सोडविताना योग्य पर्यायाबरोबरच उरलेले तीन पर्याय का चुकीचे आहेत, हेही पडताळावे.

या रीतीने आरंभी वेळ अधिक लागतो. परंतु एकदा समजलेली गोष्ट प्रश्नाचे रूप बदलले तरी साथ सोडत नाही. परीक्षा एका दिवसात संपते. रुग्णालयात आप्ताच्या उशाशी बसून रक्तगटाचा कागद वाचण्याची वेळ मात्र कोणावरही, केव्हाही येऊ शकते. त्या वेळी उपयोगी पडते ते समजून घेतलेले जीवशास्त्रच.